रविवार धरत नाहीत

पहिली रेघ

बुधवारी संध्याकाळी नर्सबाई पुण्याहून परतली तेव्हा तिच्या कपाळावर राख होती.

गोजराबाईनं ती अंगणातूनच पाहिली. कुंकवाच्या जागी काळपट डाग, तोही बोटानं नीट ओढलेला. एक उभी रेघ, एक आडवी. कोळवण गावात अंगारा लावून फिरणारी माणसं काही कमी नव्हती. पण अंगारा कुठल्या देवाचा, हे माणूस न विचारता सांगतो. ही बाई काही न बोलता हातपाय धुवायला गेली आणि कपाळ तेवढं कोरडं ठेवून आली.

"कुणाचा अंगारा म्हनायचा ह्यो?"

"अंगारा नाही मावशी, राख आहे. आमच्या देवळात आजच्या दिवशी लावतात. आजपासून चाळीस दिवस उपास."

"आन राख कशापायी?"

"आपण माती आहोत, मातीला मिळणार, याची आठवण म्हणून."

"त्याला राख कशाला लागती? आरशात बगितलं तरी कळतंय."

नर्सबाई हसली. तिचं नाव हन्नाबाई. नगरकडची ख्रिस्ती बाई. खोऱ्यातल्या बाळंतपणांसाठी सरकारनं तिला इथं नेमली होती आणि सात महिने ती गोजराबाईच्या सोप्याच्या टोकाच्या खोलीत राहत होती. या सात महिन्यांत गोजराबाईला तिच्यात एकही खोट सापडली नव्हती, आणि हेच तिला खुपत होतं. खोट नसलेलं माणूस म्हणजे खोट झाकलेलं माणूस.

चाळीस म्हणाली ना? गोजराबाईनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर एक रेघ ओढली. १९५८ साल होतं, होळी अजून पंधरा दिवसांवर होती.

चौथी

"साबुदाना भिजवू का?"

"नको मावशी."

"मग शेंगदान्याची आमटी? वरई?"

"दुपारी काहीच खात नाही."

"उपासाला काय बी खात न्हाई?" गोजराबाईनं उभ्या जन्मात असा उपास पाहिला नव्हता. "मग दार लावून आत करता काय?"

"ऐकत बसते."

"कुणाचं?"

"देवाचं."

गोजराबाई विचारात पडली. ऐकणं तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं सासूचं ऐकलं, नवऱ्याचं ऐकलं, दिराचं ऐकलं. ऐकायचं म्हणजे मान खाली घालायची आणि कामाला लागायचं. काम न करता नुसतं ऐकायचं, हा कुठला प्रकार?

"आन मागता काय त्याच्यापाशी?"

"आजवर मागतच आले. आमच्या देवळातले पाळक म्हणाले, या वर्षी मागू नकोस, सांगू नकोस. गप्प बसून ऐकायला शीक."

"देवाम्होरं बसायचं आन मागायचं न्हाई!" गोजराबाई म्हणाली. "मग त्यो देव कशाला, पावना झाला की."

पाचवी

रविवार. दार उघडं. बाई भर दुपारी भाकरी खात बसलेली.

उपास मोडला! गोजराबाईनं विचारलं नाही. संशय विचारून घालवायचा नसतो, साठवायचा असतो. तिनं रेघ ओढली आणि ते मनात ठेवलं.

सहावी ते चौदावी

दाराला कान लावला की काय ऐकू येतं:

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी खोकला, एकदा. गुरुवारी पुस्तकाचं पान उलटल्यासारखं, पण ते आढ्यातला उंदीरही असेल. शुक्रवारी सगुणाचं जातं मागच्या पडवीत घरघरत होतं म्हणून बाकी काहीच नाही. शनिवारी काही नाही. रविवारी दार उघडं, पुन्हा भाकरी. सोमवारी मात्र एक हुंदका. की गोजराबाईच्याच घशातला आवाज? मंगळवारी काही नाही.

पूजा नाही, घंटा नाही, मंत्र नाही. करणी करणारी माणसं निदान पुटपुटतात.

पंधरावी, होळी

शेजारची चंद्राबाई ओट्यावर टेकली.

"सापडलं का काय?"

"न्हाई गं. आत नुसतं गप."

"गप म्हंजी वंगाळ. माजा भाचा म्हनतोय, पुन्याच्या दवाखान्यात पोट फाडत्यात आन पोराच्या कपाळाला पानी लावून त्यांच्यात घेत्यात. आन ही बया तुज्या सुनंला पुन्याला न्यायचं म्हनती न्हवं?"

"म्हनती."

"मग? चाळीस दिस देवाम्होरं बसायचं, एकेचाळिसाव्याला तुजं नातवंड उचलायचं. सरळ हाय की."

 चंद्राबाईचा हिशेब गोजराबाईला पटला होता आणि पटला म्हणूनच आवडला नव्हता.

सगुणाबद्दल

सगुणा ही गोजराबाईची एकुलती एक सून. नवरा वाल्मीक खडकीच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी. पोरगी कामाची, आणि मुख्य म्हणजे ऐकणारी. 'माजी सून लई ऐकनारी' असं गोजराबाई चारचौघींत सांगायची, आणि सगुणा तिथं असली तर तीही मान हलवायची.

तिची दोन पोरं बाळंतपणातच गेली होती. हे तिसरं. चैत्र संपता संपता दिवस भरायचे होते. माघात नर्सबाईनं तिच्या पोटाला लाकडी भोंगा लावला, दुसऱ्या टोकाला आपला कान, आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. गोजराबाईला वाटलं, ही त्यातून काही ओढून घेतेय. पण बाई एवढंच म्हणाली, "ठोके चांगले आहेत. पण बाळ आडवं आहे. फिरलं तर ठीक. नाही फिरलं तर कळा यायच्या आधी पुण्याला न्यायला हवं. घरात दोघंही राहायचे नाहीत."

"बगू," गोजराबाई तेव्हा म्हणाली होती. मग राख आली, आणि तिला बरं निमित्त मिळालं. "तुमचं चाळीस दिस हून जाऊंदे. त्याच्या आत मी माज्या सुनंला हात लावू द्यायची न्हाई."

एकविसावी

नर्सबाईच्या देवाची वाट बघत बसायला गोजराबाई बांधील नव्हती. तिचा देव घडीत बोलायचा.

देवळात जाऊन तिनं कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर सगुणाला पुण्याला न्यायची, डावी पडली तर न्यायची नाही. भैरू गुरवाचे हात हल्ली थरथरायचे. तो म्हणाला, "तूच चिकटीव, मी गाऱ्हानं घालतो."

डावी पडली. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत.

"बगा," भैरू म्हणाला, "कसा पटदिशी बोलला!"

घरी येऊन गोजराबाईनं सांगितलं, "न्यायची न्हाई. देवानं सांगितलं." सगुणानं मान हलवली आणि जात्यावर जाऊन बसली. नर्सबाई मात्र तिथंच उभी राहिली.

"मावशी, बाळ अजून फिरलेलं दिसत नाही. मला लांबूनसुद्धा कळतंय."

"तुमच्या देवानं सांगितलं काय?"

"नाही. पोटाच्या आकारावरून कळतं."

सव्विसावी

काही ऐकू आलं नाही.

एकतिसावी

पाडवा झाला. काही ऐकू आलं नाही. पण आताशा गोजराबाई दाराशी जरा जास्त वेळ थांबायला लागली होती. कान लावायला म्हणून जायची आणि कशासाठी आलो ते विसरायची. पाय दुखायला लागले की भानावर यायची. ही त्या बाईचीच करणी, असं तिनं ठरवून टाकलं.

चाळिसावी

रविवार. नर्सबाई सकाळीच पुण्याच्या देवळात गेली आणि संध्याकाळी तिथल्या सणाचं झावळीचं एक पातं घेऊन परतली. गोजराबाईनं शेवटची रेघ ओढली, कोळसा चुलीत टाकला. संपलं. आता बाईचा खेळ उघडा पडणार.

एकेचाळिसावी नव्हती, पण

सोमवारी दुपारी दार पुन्हा लागलं.

गोजराबाई उठली आणि दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या.

"चाळीस झालं! भिताडावर लिवलंय, या, मोजा!"

दार उघडलं. "मावशी, आज पस्तिसावा."

"मला मोजाय येत न्हाई व्हय?"

"रविवार धरत नाहीत. रविवार सणाचा, त्या दिवशी उपास नसतो."

"का, रविवारी देवाला सुट्टी?"

"देवाला नाही. आम्हाला."

भाकरीचं कोडं सुटलं. साठवलेला एक संशय असा फुकट गेला म्हणून गोजराबाईला आणखीच राग आला. पण तिच्यापाशी शेवटचा डाव होता. तो तिनं कितीतरी दिवस घोळवून ठेवला होता.

"बरं. चाळीस नसू द्या, पस्तीस तर बसलासा. आता सांगा. काय म्हनला तुमचा देव? सगुणाला पुन्याला न्यायची का न्हाई?"

ती म्हणणार 'ने', आणि पकडली जाणार. आपल्या मनातलं देवाच्या तोंडून वदवणारी माणसं गोजराबाईनं पुष्कळ पाहिली होती.

नर्सबाईनं दार आणखी उघडलं.

"काही म्हणाला नाही," ती म्हणाली.

"काय बी?"

"काहीच नाही. खरं सांगू? बहुतेक दिवस मला माझाच आवाज ऐकू आला. बदली होईल का. आईचं गुडघ्याचं दुखणं. मावशी आज दाराला कान लावून उभ्या आहेत की नाहीत."

गोजराबाई दाराच्या चौकटीकडे बघायला लागली.

"सगुणाला न्यायला हवं, हे मी म्हणते. मी नर्स आहे, आडवं बाळ मला कळतं, म्हणून म्हणते. ते देवाच्या नावावर कसं घालू?"

 डाव उलटला होता, पण कुठून उलटला ते गोजराबाईला उमगेना. फसवायचं असतं तर हिला केवढी सोय होती! एक शब्द टाकला असता, 'देव म्हणाला ने', की झालं. लबाडाचा देव कधी गप्प बसत नाही. हिचा बसला.

"आत येऊ का?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला स्वतःचाच संशय आला.

खोलीत एक चटई होती. दोघी भिंतीला टेकून बसल्या. नर्सबाईनं डोळे मिटले. गोजराबाईनं एक डोळा उघडा ठेवला.

सुरुवातीला डोक्यात बाजार भरला. बाजार पांगला तशी एकच गोष्ट उरली आणि ती जाईना. ओली कळी. उजवी कळी तिनं अंगठ्यानं दाबून, घट्ट चिकटवली होती. डावी नुसती टेकवली होती. त्या वेळी हात कुणाचा होता? देव पटदिशी बोलला म्हणे. देवाला तिनं बोलायला जागा कुठं ठेवली होती?

तिनं दुसराही डोळा मिटला.

मागच्या पडवीत जातं फिरत होतं. दोन फेरे, मग बंद. दोन फेरे, बंद. सगुणा हल्ली असंच दळायची आणि गोजराबाई म्हणायची, आळशी झालीस. आज त्या बंदमध्ये काहीतरी होतं. श्वास. दात दाबून आत ओढलेला, आणि कुणाला कळू नये म्हणून हळूहळू सोडलेला. पुन्हा दोन फेरे. पुन्हा तोच श्वास.

किती दिवस?

गोजराबाई उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. नर्सबाईनं डोळे उघडले.

"काय झालं मावशी?"

"पोरगी दुखनं दाबून दळतीया. चला."

त्याच संध्याकाळी

नर्सबाईनं पोट तपासलं. कळा अजून नव्हत्या, नुसतं दुखत होतं, पण थांबायला वेळ नव्हता. शेजारच्या कुशाबानं बैलगाडी जुंपली आणि पौडला येऊन तिघींनी पुण्याची एसटी धरली.

गोजराबाई हट्टानं दोघींच्या मध्ये बसली.

"माजा तुमच्यावर इस्वास बसलाय असं समजू नगा," ती नर्सबाईला म्हणाली. "मी डोळा ठिवायला आलीया."

"ठेवा. मलाही बरं वाटेल."

"पोराच्या कपाळाला पानी लागलं तर बगा."

"आंघोळीचं सुद्धा नको?"

"चेष्टा नगं!" गोजराबाई म्हणाली, पण पुढच्या बाकावरचा माणूस हसला तशी तीही तोंड फिरवून हसली.

पिरंगुट मागं पडलं. सगुणा खिडकीशी होती, दोन्ही हात पोटाखाली.  ती बाहेरच बघत म्हणाली,

"आत्या, मागल्या खेपेला मी तुमास्नी सांगितलं हुतं."

"काय गं?"

"पोर हलायचं थांबलंय म्हनून. दोन दिस आधी. तुमी जात्यावर हुता. आवाजात ऐकू आलं नसंल."

एसटीनं खड्डा घेतला. गोजराबाईनं पुढच्या बाकाची दांडी धरली. 'न्हाई गं, न्हाई आलं ऐकू' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. सगुणानंच ते तिच्या हातात आणून दिले होते.

"आलं हुतं," गोजराबाई म्हणाली. "ऐकलं हुतं म्या. दळन पुरं करायचं हुतं."

पलीकडे नर्सबाई बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही.

"मला संशव हुताच," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं.

गोजराबाईला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. पण बोलण्यासारखं एकच होतं.

"आन आत्ता? आत्ता हलतंय का?"

सगुणानं तळहात पोटावर नीट टेकवला.

"थांबा आत्या," ती म्हणाली. "बोलू नगा."