बायडाबाईंनी बटण दाबलं नाही

मित्रांनो, पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या तळघरात, मोडक्या खाटांमागे चादर पांघरून उभी आहे ना, ती मी. एक जुनी अल्ट्रासाउंड मशीन. पोटातलं बाळ दाखवणारी नव्हे हं! भिंगानं ऊन गोळा करून तुम्ही कागद जाळता, तशा मी आवाजाच्या लहरी एका ठिपक्यावर गोळा करते. काही सेकंदांत तिथलं मांस शिजून मरतं. कातडीवर सहसा ओरखडाही उठत नाही.

"टाका नाही, रक्त नाही!" माझं कोण कौतुक झालं! हार घातला, पेढे वाटले. गर्भाशयातल्या कितीतरी गाठी मी जाळल्या. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

मग बायडाबाई आल्या. मंडईत भाजीचा गाळा, दिवसभर उभं राहायचं काम. गाठीमुळं अंगावरून फार जायचं. डॉक्टर माधव यांनी त्यांच्या हातात बटण दिलं. "पायात कळ गेली की लगेच दाबा, मशीन थांबेल." नर्स शर्मिला म्हणाली, "आणि अजिबात हलायचं नाही हं, मावशी."

माझी उष्णता गाठीपाशीच थांबेल असं नसतं हो. कधी मागचं हाड तापतं आणि शेजारची, पायाकडे जाणारी नस भाजते. पडद्यावर ते धड दिसत नाही. आधी कळतं ते माझ्यावर आडव्या पडलेल्या माणसालाच.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी तीनदा विचारलं.

"नाही हो साहेब, चालू द्या तुमचं."

बाईंनी ओठ दातांखाली घट्ट धरला होता. बोट बटणावर होतं, पण दाबलं नाही. मी आपली जाळत राहिले.

गाठ गेली. पण बाई उठल्या आणि उजवं पाऊल लुळं पडलं.

"अहो, बटण का नाही दाबलंत?" डॉक्टरांनी ते पाऊल हातात धरून विचारलं.

"चार बाळंतपणं झाली साहेब, तोंडातून ब्र काढला नाही. म्हटलं, एवढ्या कळेसाठी तुमचं काम कशाला मोडायचं?"

वर्ष झालं, पाऊल काही उचललं नाही. गाळा जावेकडे गेला. शेवटच्या तपासणीला बाई वॉकर धरून आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यापायी तुमच्या मशीनचं नाव खराब झालं. माफ करा, साहेब."

माफी त्यांनी मागितली, मित्रांनो! मी भाजलं, आणि माफी त्यांनी मागितली! पुढे नवी मशीन आली, मला खाली आणलं. पण ते शब्द काही माझ्यातून जात नाहीत.

एवढं माझं ऐका. तुमची आई कधी दवाखान्यात निघाली, तर तिला उंबऱ्यातच थांबवा आणि सांगा, "आई, दुखलं तर ओरड."