बुधवारच्या सुया

माझं डोकं उठायचं असलं की आधी डोळ्यांसमोर नागमोडी उजेड चालतो. अर्ध्या तासात डावी बाजू ठणकायला लागते आणि दुपारपर्यंत उलट्या. अर्धशिशी. लग्नाआधीपासूनची. माझ्या सासूबाई शेवंती, त्यांचा इलाज म्हणजे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. दोन वर्षं इमानाने खाल्ली. वजन वाढलं, दुखणं होतं तिथेच राहिलं.

पण पंच्याऐंशी साली प्रकरण गळ्याशी आलं. नवऱ्याची, राजारामची, गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. घर माझ्या एकटीवर. मी अंधेरीला रेडिओच्या कारखान्यात डाग द्यायच्या कामावर होते, म्हणजे तापलेल्या सळईने बारीक बारीक तारा जोडायच्या. आठ महिने तात्पुरती, मग कायम. पाच महिन्यांत माझे सात खाडे झाले होते. सुपरवायझर जयंतीबाई म्हणाली, "नलिनी, अजून एक खाडा झाला तर मी तुझं नाव वर पाठवणार नाही." बाई चुकीचं बोलत नव्हती, तरी मला तिचा राग आला.

खाडा झाला की मी निरोप पाठवायची, गावचे पाहुणे आलेत. डोकं दुखतंय असं कोण सांगणार? आमच्यात ती पद्धतच नाही. माझ्या बापाचं बोट यंत्रात सापडलं होतं, तो फडकं बांधून पाळी पुरी करून घरी आला आणि जेवायला बसला. अशा घरातली मी. दुखतंय म्हणायची मला लाज वाटायची, खरंच लाज.

घाटकोपरला आमच्या वस्तीजवळ बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत डॉक्टर मीरा दर बुधवारी संध्याकाळी बसायच्या. ॲलोपथीच्या डॉक्टर, पण श्रीलंकेत जाऊन सुयांचा उपचार शिकून आलेल्या. दहा बुधवार यायचं म्हणाल्या. सासूबाई सोबत आल्या, माझ्या काळजीने नव्हे, सुया बघायला.

डोकं दुखतंय आणि बाई सुई टोचते हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात. दुसरी पायाच्या अंगठ्यापाशी. मी म्हटलं, "डॉक्टर, डोकं वर आहे." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. सुई लागली की जड वाटेल, मुंग्या येतील, वर सरकल्यासारखं होईल. तसं झालं की सांगायचं."

झालं ना तसं. हात कोपरापर्यंत भरून आला, पायातून कळ गेली.

"काही वाटतंय?"

"काही नाही."

मग त्या सुई फिरवायच्या, आणखी आत घालायच्या, बाहेर काढून शेजारी टोचायच्या. मी दात आवळून पडून. तोंडातून ब्र काढला नाही. मनात म्हणायची, बघू दे हिला, नलिनी काय चीज आहे. असे सहा बुधवार गेले आणि त्यात दोनदा डोकं उठलं. एकदा रविवारी, म्हणून वाचले. दुसऱ्यांदा तशीच कामावर गेले आणि संडासात जाऊन उलट्या करून आले.

सातव्या बुधवारी डॉक्टर मीरांनी सुया बाजूला ठेवल्या. "तुम्हाला याचा उपयोग नाही. काहीजणांना नसतो होत. थांबवूया."

 वाट लागली आता. पुढच्या महिन्यात कायमचे कागद निघणार आणि माझ्याकडे दुसरा इलाज नाही. तरी तोंड उघडेना. "बरं," म्हटलं आणि उठायला लागले.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, तुम्ही तिच्या तोंडाकडे बघतास. पायाची बोटां बघा. सुई गेली की आखडून घेता. सगळा लागता तिका. सांगूक नको हिका."

डॉक्टरांनी माझ्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावून खाली बसल्या. "अहो, रेडिओ जोडता ना तुम्ही? स्टेशन लागलं की नाही हे ऐकणारा सांगणार. मी सहा आठवडे बटण फिरवतेय आणि तुम्ही कानात बोळे घालून बसलाय. सुई बरोबर जागी लागली की निरोप नसेतून मेंदूला जातो. मेंदू स्वतःच दुखणं मारायचं औषध सोडतो. अफूच्या जातीचं, पण घरचं. नेमकी तीच जागा सापडली की तुम्ही मला फसवून सुई हलवायला लावलीत."

"म्हणजे औषध डोक्यातच होता?" सासूबाईंनी विचारलं.

"होतं ना. हिने सोडू दिलं नाही."

परत सुई लागली. या वेळी म्हटलं, "जड झालं. कोपरापर्यंत चढतंय. लागतंय." 'लागतंय' हा शब्द निघाला आणि मला रडूच फुटलं. लाज वाटली, पण मोकळंही वाटलं. डॉक्टरांनी सुई तिथेच ठेवली, हलवली नाही.

पुढचे तीन आठवडे डोकं उठलं नाही. चौथ्या सोमवारी, टेबलावर सळई हातात असताना, तो नागमोडी उजेड दिसला.  नेहमीसारखी गप्प बसणार होते. मग सळई ठेवली, जीव मुठीत धरून जयंतीबाईकडे गेले. "बाई, माझी अर्धशिशी येतेय. वीस मिनिटं बसू द्या."

तिने चष्मा काढला. "ते सात खाडे याचेच होते?"

"हो."

"आणि मी समजत होते, तुझ्या घरी सारखे पाहुणे. अगं, आजारपणाच्या चिठ्ठीवर मी रजा लावली असती. जा, आत बस."

आत काळोख करून, डॉक्टरांनी दाखवलेली बेचक्यातली जागा दाबत बसले. डोकं जड झालं, पण ठणका आला नाही. पंचवीस मिनिटांनी टेबलावर परत. महिनाअखेर कायमचा कागद हातात पडला तेव्हा मी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा राजारामला वाचायला लावला.

घरी सासूबाई पोहे निवडत होत्या. त्यांच्या पाया पडले आणि विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं हो, बोटांचं?"

त्यांनी परात खाली ठेवली.  मग पाय पुढे पसरले, हळूच, हाताने उचलून. "माझे गुडघे दुखतत गो," त्या म्हणाल्या. "वीस वर्सां झाली."