कबूल नाही

ताईंना मालिकेच्या त्या भागात एकच वाक्य होतं, आणि तेही रडत म्हणायचं. एका श्रीमंत म्हाताऱ्याला कुणीतरी चहातून विष घालतं, शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि खुनी कोण ते सांगतो, अशी गोष्ट. ताई मेलेल्या म्हाताऱ्याची बहीण. सोफ्यावर बसायचं, रुमाल नाकाला लावायचा आणि म्हणायचं, "माझ्या भावाने कुणाचं काय वाईट केलं होतं?" बाकी वेळ नुसतं बसून राहायचं. सत्तरी उलटली की बायकांना मालिकेत बसायचंच काम मिळतं, असं ताई स्वतःच हसत सांगायच्या.

पण त्या दिवशी त्यांचा जीव स्वतःच्या वाक्यात नव्हताच. तो अडकला होता समोरच्या खुर्चीत बसलेल्या वकीलसाहेबांच्या वाक्यांत.

वकीलसाहेब काही खरे वकील नव्हते. तरुणपणी एका नाटकात ते वकील झाले, नाटक वर्षानुवर्षं चाललं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोनेसुद्धा शेवटपर्यंत त्यांना तीच हाक मारली. त्या नाटकात ताई आरोपी होत्या. खुनाचा आळ आलेली बाई, आणि तिला सोडवणारा वकील. दुसऱ्या अंकात कोठडीमध्ये तो तिला पढवायचा, "विचारलं तर काय म्हणायचं?" ती म्हणायची, "कबूल नाही." "पुन्हा विचारलं तर?" "पुन्हा कबूल नाही." एवढ्या तीन-चार वाक्यांना सगळं थिएटर श्वास धरून बसायचं. नंतर नाटक बंद पडलं. थिएटर पाडलं, तिथे गाड्या उभ्या करायला लागले. ज्यांच्याबरोबर एका आरशापुढे दाटीवाटीने बसून तोंडं रंगवली, ती माणसं एकेक करत गेली. पण हे सवाल-जवाब राहिले. फोन उचलला की हॅलोच्या जागी तेच. वकीलसाहेबांची बायको गेली तेव्हा ताई भेटायला गेल्या होत्या. खाली मान घालूनच वकीलसाहेब हळू म्हणाले, "विचारलं तर काय म्हणायचं?" आणि ताईंना तेव्हा कुठे रडू फुटलं.

विसरायला वकीलसाहेबांनी कधी सुरुवात केली कोण जाणे. नटाचं विसरणं लवकर लक्षात येत नाही. नट वेळ मारून नेतो, हसून नेतो, आवाज लावून नेतो. लक्षात आलं ते त्यांच्या लेकीच्या. तिने ताईंना फोन केला आणि सरळच सांगितलं, की बाबा गॅस बंद करायला विसरतात, घरी यायचा रस्ता विसरतात, डॉक्टरांनी काय ते सांगितलं आहे. तिला त्यांना आपल्या गावी न्यायचं होतं. आणि त्यांनी तर हे काम घेऊन ठेवलेलं. म्हाताऱ्याला विष घालणाऱ्या डॉक्टरचं काम, मोठा कबुलीजबाब, कित्येक वर्षांनी असं काही हाताला लागलं होतं.

"मावशी, हे एक निभावलं तर मी पुढे काही बोलणार नाही, राहू देत त्यांना इथेच," ती म्हणाली. "पण चारचौघांत फजिती झाली तर मला ते बघवणार नाही. तुम्ही असाल ना तिथे?"

ताई म्हणाल्या, मी आहे की.

आणि त्या नुसत्या तिथे असणार नव्हत्या. रोज दुपारी वकीलसाहेबांच्या घरी जाऊन त्यांनी तो कबुलीजबाब त्यांच्याकडून घोकून घेतला. लहान मुलाकडून पाढे घ्यावेत तसा. मोठा म्हणजे तरी केवढा? चार ओळींचा. "हो, मीच घातलं. आयुष्यभर त्याने माझं ऐकलं नाही, त्या दिवशी ऐकलं. मी म्हटलं, घे, आणि त्याने घेतला. प्यायला आणि म्हणाला, आज साखर बरोबर पडली." घरी, त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या खिडकीपाशी, वकीलसाहेब तो असा म्हणायचे की ताईंच्या अंगावर काटा यायचा. शेवटचं साखरेचं वाक्य तर ते हसून म्हणायचे. विसरतोय कुठे हा माणूस, असं ताईंना वाटायचं. डॉक्टरांना काय कळतंय.

सेटवर मात्र ना ती खुर्ची होती ना ती खिडकी. भाड्याने घेतलेला बंगला, डोळ्यांवर दिवे, पायांत वायरी. गुप्तहेराचं काम करणारा नटही काही कोवळा राहिला नव्हता. इतकी वर्षं ती मालिका चाललेली की त्याचे केस कलपाने आणि गुडघे पट्ट्याने धरून ठेवले होते, आणि दुनियेतले खून उलगडणाऱ्या त्या माणसाला स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हे दुसऱ्याने सांगावं लागायचं. सकाळी तिघं खूप हसली होती. आपल्या तिघांच्या वयाची बेरीज केली तर हा बंगलाच नातवंड ठरेल, असं गुप्तहेर म्हणाला होता. वकीलसाहेबांनी ताईंना पाहून लांबूनच विचारलं होतं, "विचारलं तर काय म्हणायचं?" आणि ताईंचा जीव भांड्यात पडला होता.

मग शेवटचा प्रसंग आला. गुप्तहेर सोफ्याभोवती फिरला, खिडकीशी थांबला, वळला आणि बोट रोखून म्हणाला, "डॉक्टर, कपात ते तुम्ही घातलंत."

वकीलसाहेब उठून उभे राहिले. उठणं फार सुंदर होतं. सावकाश, खुर्चीच्या हातावर तळवा टेकून. उठले, आणि तसेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दिव्यांचा उजेड होता, बाकी काही नव्हतं.

दिग्दर्शक पोरगेलासा होता, पण उर्मट नव्हता. तो म्हणाला, घ्या वेळ, काही घाई नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी वाक्यं सांगू लागलं, तर वकीलसाहेब त्या आवाजाकडे वळून अदबीने विचारू लागले, "काय म्हणालात?" कानात एक बारीकसं यंत्र बसवून दिलं, ते त्यांनी माशी झटकावी तसं काढून टाकलं. खोलीतली माणसं एकमेकांकडे न बघता आपापल्या बुटांकडे बघायला लागली. ताईंना लेकीचा फोन आठवला. फजिती असा शब्द लेकीने वापरला होता.

रंगभूमीवर समोरचा अडला की त्याचं वाक्य आपण प्रश्न करून विचारायचं, ही युक्ती होती. "म्हणजे त्या रात्री तुम्ही घरी नव्हता म्हणता?" की तो म्हणणार, "नव्हतो," आणि गाडी रुळावर. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. पहिल्या प्रयोगाला ताईंची दातखीळ बसली होती तेव्हा वकीलसाहेबांनीच त्यांना असं ओढून पैलतीराला नेलं होतं. ते आठवलं आणि पुढच्या टेकला, आपलं वाक्य नसताना, ताई सोफ्यावरून बोलल्या.

"म्हणजे डॉक्टर, तुम्हीच घातलंत ते?"

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख आली. "हो," ते म्हणाले. "मीच घातलं."

"आयुष्यभर त्याने तुमचं ऐकलं नाही. त्या दिवशी ऐकलं?"

"ऐकलं."

"तुम्ही म्हणालात, घे. आणि त्याने घेतला?"

या वेळी त्यांनी नुसती मान हलवली. ताई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर ती शांतता पुन्हा आली असती. त्या बोलतच राहिल्या, साखरेपर्यंत गेल्या, आणि वकीलसाहेब त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिले, प्रेक्षकांतल्या पहिल्या रांगेतल्या माणसासारखे.

कट झालं. मग दिग्दर्शक ताईंच्या शेजारी येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हे तुम्हीच बोला ना."

ताईंना आधी कळलंच नाही. त्याने समजावून सांगितलं. खून बहिणीने केला असं दाखवू. डॉक्टर नुसते बसून राहतील, त्यांना बोलायचा त्रास नको. बंगला संध्याकाळी सोडायचाय. आणि खरं सांगू का, हे जास्त चांगलं आहे, रडणाऱ्या बहिणीवर कुणाचा संशय जाणार? गुप्तहेरानेही खाली बघत मान डोलावली. संवाद बदलायचीसुद्धा गरज पडली नाही. मीच घातलं, मी म्हटलं, माझं ऐकलं नाही. बोलणारा बाप्या की बाई, त्या चार ओळींत कुठे येतच नव्हतं.

"ते त्यांचं आहे," ताई म्हणाल्या.

"माहिती आहे मला," दिग्दर्शक म्हणाला, आणि त्याला खरंच माहिती होतं.

ताई नाही म्हणाल्या असत्या तर डॉक्टरच्या कामाला तासाभरात दुसरा नट उभा केला असता आणि वकीलसाहेब चित्रातून साफ पुसले गेले असते. निदान दिसू तरी देत, असं ताईंनी स्वतःला सांगितलं. त्या उठल्या, रुमाल सोफ्यावर ठेवला आणि बोलल्या. पहिल्याच टेकला झालं. साखरेचं वाक्य त्यांनी हसून म्हटलं, वकीलसाहेब म्हणायचे तसंच. आणि त्याहून वाईट म्हणजे, म्हणताना त्यांना बरं वाटलं. किती वर्षांत कुणी त्यांना इतकं बोलू दिलं नव्हतं.

टाळ्या वाजल्या. वकीलसाहेबही वाजवत होते.

न्यायला लेक आली तेव्हा दारातच तिने ताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सरळ बाबांची पिशवी उचलली. वकीलसाहेब मात्र खुशीत होते. तिला सांगत होते, आज मला बोलायचं नव्हतंच मुळी, नुसतं बसायचं होतं.

पुढच्याच महिन्यात तिने त्यांना आपल्याकडे नेलं. फोन तीच उचलायची. बाबा झोपलेत, बाबा जेवतायत, बाबांना आज फोनवर कळत नाहीये. तो भाग लागणार त्या दिवशी ताई गाडीत बसून तिच्या गावी गेल्या. वकीलसाहेब वाळले होते. इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून टीव्हीपुढे बसवलं होतं त्यांना. ताईंना बघून ते हसले, ओळखून की नुसतेच, ते सांगता येईना. नेहमीचा सवाल त्यांनी टाकला नाही. ताई वाट बघत राहिल्या.

तिघं भाग बघत बसली. पडद्यावर वकीलसाहेब आले तेव्हा लेक म्हणाली, बाबा, हे बघा तुम्ही. ते म्हणाले, हो का, छान दिसतोय. मग दिवाणखाना आला. गुप्तहेर वळला, बोट रोखलं गेलं, आणि पडद्यावरची ताई रुमाल ठेवून उभी राहिली. हो, मीच घातलं. वकीलसाहेब पुढे झुकून ऐकत होते. एकदा पडद्याकडे, एकदा शेजारी बसलेल्या ताईंकडे, असं बघत होते. साखरेचं वाक्य आलं तेव्हा ते खुर्चीत थोडे मागे सरकले.

लेकीने चहा आणला. तिने एक कप ताईंच्या हातात दिला, म्हणाली, मावशी, तुमच्या हातून घेतील कदाचित, माझ्याकडून हल्ली घेत नाहीत. ताईंनी कप पुढे केला. वकीलसाहेबांनी कपात पाहिलं. मग मोठ्या सभ्यपणे, परक्या बाईशी बोलावं तसं, म्हणाले, "आधी तुम्ही घ्या."

उभ्या आयुष्यात त्यांनी ताईंना तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

ताईंनी एक घोट घेतला. मग कप पुन्हा त्यांच्यापुढे धरला. आता अडलेलं माणूस आपण आहोत की ते, हे त्यांना समजेना. तरी त्यांनी शेवटचं एकदा वाक्य पुढे केलं, त्यांचंच वाक्य, रंगभूमीवर करायचे तसं.

"वकीलसाहेब, विचारलं तर काय म्हणायचं?"

ते विचारात पडले. खरोखर विचारात पडले, भुवया जवळ घेऊन, नाटकातल्या कोर्टात पडायचे तसे. ताईंना वाटलं, आलं, आता येतंय.

"आता काय म्हणणार?" वकीलसाहेब म्हणाले. त्यांना त्या बाईची कीव आली होती, ते आवाजात कळत होतं. "तुम्ही तर कबूल केलंत. सगळ्यांसमोर."