सात वारांच्या सहा टेप

टेपच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारका तुकडा मोडला, की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही.

अर्ज, तिसरा: चित्रात मुंग्या दिसतात, माणसाचं तोंड ओळखू येत नाही, सात नव्या टेप मिळाव्यात. खाली साहेबांचा शेरा, हिरव्या शाईत: पुसून वापरा.

दोन वर्षांपूर्वी चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं होतं, "दगड आहे दगड. परवा बायको गेली, आणि आज आठच्या ठोक्याला हा टेप बदलायला हजर."

एक बाई कॅमेऱ्याकडे वर बघते, केस मागे सारते, हसू दाबते.

"सहाच कशा?" साहेबांनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर टेप ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी. बुधवार नव्हता.

सुट्या भागांच्या त्या गोदामात कॅमेरा एकच, दाराशी. रोज सकाळी आठला कालची टेप काढायची, आजच्या वाराची घालायची. आठवड्याने तिच्यावरच पुन्हा भरायचं. एकोणीस वर्षं हे काम त्याचं. लोक त्याला रिवाइंड म्हणत, तोंडावरसुद्धा.

मंगळवारी बेअरिंगची चार खोकी गेली. कळलं गुरुवारी. तोवर मंगळवारच्या टेपवर बुधवार भरून झाला होता.

स्टोअरच्या बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. खोकी त्यांच्या ताब्यातली, तेव्हा दुसरं कुणीतरी अडकायला हवं होतं. त्यांनी सांगून टाकलं की दोन वर्षं हा माणूस एकाच टेपवर दोन दिवस भागवतोय.

त्याने अर्जांची आठवण दिली. एकदा पदरची नवी कोरी टेप आणली होती, तीही साहेबांनी बाहेर काढायला लावली होती, ऑफिसचा शिक्का नाही म्हणून. साहेब म्हणाले, विषय बदलू नका.

"बुधवारची कुठंय?"

"खराब झाली. फेकली."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे चोरीची तयारी दोन वर्षांची. चिकाटी आहे हो तुमच्यात."

बाई तोंडावर रुमाल धरून हसल्या.

दोन वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी बायको घराची किल्ली द्यायला आली होती. दाराशी अकरा मिनिटं उभी होती, मधेच वर कॅमेऱ्याकडे बघत. नंतरच्या सोमवारी ती वारली. दोनच दिवसांनी, बुधवारी आठ वाजता, त्या टेपवर पुन्हा भरलं गेलं असतं, म्हणून तो कामावर आला. पुढे कधीमधी जेवणाच्या सुट्टीत, दार लावून, तो ती इथल्याच यंत्रावर लावायचा. आता या गुरुवारी चोरीचा गवगवा झाला, तेव्हा त्याने ती डब्याच्या पिशवीतून घरी नेली.

साहेब जरा खालच्या आवाजात बोलू लागले. टेप आणून द्या. असेल ते बघू, पुसू, परत वापरात घेऊ. बाकीचं मी सांभाळतो. नाहीतर मुद्दाम पुरावा पुसला असंच लिहावं लागेल, आणि मग नोकरीवर पाणी सोडा.

"तिचा तुकडा मोडलाय," तो बोलून गेला.

साहेबांनी बाईंकडे बघितलं. मग खण ओढला आणि चिकटपट्टीचं रीळ त्याच्यापुढे ठेवलं. "भोकावर ही लावली की भरता येतं. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

खरं होतं. नव्या टेप मिळेनात, तेव्हा ही युक्ती त्यानेच काढली होती.

त्याने रीळ उचललं, सुटलेलं टोक नखाने नीट चिकटवलं आणि परत ठेवलं.

"लिहा."

"काय लिहा?"

"मुद्दाम पुसला. असंच लिहा."

सही झाली. फाटकावर रखवालदाराने त्याच्या डब्याचे दोन्ही कप्पे उघडायला लावले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

घरी आल्यावर त्याने कपाटातून टेप काढली, टेबलावर उभी ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसला.

व्हीसीआर घ्यायचं त्या दोघांचं दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा तिनेच ते पुढच्या वर्षावर ढकललं.