ओफोचं रक्त

बाजाराच्या चौकात, सकाळच्या उन्हात सगळं गाव दाटीवाटीनं उभं होतं. पुजारी एझेंदुकानं ओफो, म्हणजे देवाचा पिसं बांधलेला लाकडी सोटा, न्वाकूच्या हातात दिला होता. कोठारातली कोनफळं चोरल्याचा तिच्यावर आळ होता; ओफो धरून 'मी चोरली नाहीत' अशी शपथ तिला घ्यायची होती.

"पूर्वजांनो, या. उपाशी असाल तरी या, जेवून आला असाल तरी या," पुजारी लांबण लावत होता. तेवढ्यात सोट्यातून लाल थेंब गळला. गर्दी मागं सरकली.

"देव जागा झाला," एझेंदुका म्हणाला. "वर्षभर जगलीस तर खरी. पोट फुगून मेलीस तर चोर. औषध घेतलंस तर देवापासून लपलीस, म्हणजे तरीही चोर."

गर्दीतल्या अनोझीनं हे शब्द गेल्या वर्षी ऐकले होते. तेव्हा सोटा त्याच्या बायकोच्या, उलोमाच्या हातात होता. बांध सरकवल्याचा आळ होता. सातव्या महिन्यात ती गेली. खोटी ठरली, म्हणून घराशेजारी नव्हे, रानात पुरली.

तेव्हापासून तो स्वतः रांधत होता. या गार वाऱ्याच्या दिवसांत बाटलीतलं लालभडक पामतेल थिजायचं. उन्हात ठेवलं की लाल थेंब सुटायचे. गावातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. पण आळ आल्याशिवाय बायका सोट्यापासून दूर राहत, आणि पुरुष चुलीपासून.

अनोझीनं पुढं होऊन सोटा हिसकावला.

"अरे, हात झडेल तुझा," पुजारी म्हणाला.

"झडू दे. स्वयंपाक तरी सुटेल."

त्यानं पिसं ओरबाडली. आतली पोकळी थिजलेल्या तेलानं भरली होती. त्यानं बोट चाटलं. "पामतेल. मीठ तेवढं कमी आहे."

मागं बायका हसल्या. म्हातारे ओबिदिके मात्र हसले नाहीत. "तेल तर तेल. पण उलोमा पोट फुगूनच मेली ना रे?"

अनोझी त्यांच्याकडं वळला. "लिव्हरचा आजार होता, काका. नर्सबाई दोनदा सांगून गेली, दवाखान्यात आणा. उलोमा निघाली होती. मीच दारात आडवा झालो. म्हटलं, औषध घेतलंस तर लोक खोटी म्हणतील. देवानं नाही मारलं तिला. मी मारलं, तुम्हाला भिऊन."

न्वाकूनं हात पुढं केला. "द्या तो इकडं. शपथ नाही घेतली तर जन्मभर चोर म्हणतील मला."

अनोझीनं गावाकडं पाहिलं. कुणीही 'नको' म्हणालं नाही. त्यानं सोटा तिच्या हातात दिला.

"घे. पण पोरी, पोट दुखलं तर दवाखान्यात जा. पोट दुखतं तेव्हा फक्त पोट दुखत असतं."