तिसरी तार

हाडांचे डॉक्टर आहेत म्हणून माणूसजात ताठ उभी आहे, असं डॉक्टरीणबाईंचं ठाम मत होतं. हे मत त्या स्टुलावर उभ्या राहून मांडत, कारण स्टूल काढलं की ऑपरेशन टेबलाच्या पलीकडून त्यांची फक्त टोपी दिसे.

आज टेबलावर सात वर्षांची मुलगी होती. घसरगुंडीवर खालून वर चढायचं, हा तिचा शिरस्ता. कोपराच्या जरा वर हाड मोडून मागे सरकलेलं. तिचे आजोबा पेशाने घड्याळजी. तिला आत नेताना ते एवढंच म्हणाले होते, "बाई, दुकानात माझ्याशेजारी चिमटा धरून बसते ही. बोटं तेवढी सांभाळा."

बाईंनी हात ओढून, वाकवून, न कापताच हाड जागेवर बसवलं आणि ते हलू नये म्हणून बाहेरच्या बाजूने हाडात दोन तारा घातल्या. एक्स-रेच्या पडद्यावर चित्र कसं देखणं!

"झकास!" साहाय्यक म्हणाला. त्याला चहाचे वेध लागले होते.

बाईंनी कोपर हलकेच फिरवून पाहिलं. हाड केसभर सरकलं.

"केसभरच आहे मॅडम. चालेल."

"तुझा भांग असता तर चाललं असतं. तिसरी तार दे. आतल्या बाजूने."

साहाय्यकाचा चेहरा पडला. तिथे बोटं फाकवणारी नस हाडाला बिलगून जाते. तिला तार लागली, की हाड सरळ आणि बोटं लुळी.

"माहीत आहे मला. म्हणून तर आंधळेपणाने घालायची नाही."

त्यांनी बारीकसा छेद घेतला, नस डोळ्यांनी पाहिली, मानाच्या पाहुण्याला सरकवावं तशी अदबीने बाजूला धरली आणि तार घातली. पुन्हा कोपर फिरवलं. हाड ढिम्म.

पण पोरगी जागी होऊन बोटं फाकवेपर्यंत कशाचाच भरवसा नव्हता.

तासाभराने तिने डोळे उघडले.

"बाळा, बोटं फाकव बघू. पंख्यासारखी."

मुलगी छताकडे बघत राहिली. आजोबांनी खिशातला चिमटा मुठीत आवळला. साहाय्यक चहा विसरला.

"फाकवेल. बसलेय मी," असं म्हणून बाईंनी स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं.

बराच वेळ गेला. मग प्लास्टरमधून डोकावणारी पाचही बोटं फर्रकन फाकली, नाकाच्या दिशेने निघाली आणि वाटेतच अडकली. दुसऱ्या हाताला सलाइन होतं.

"पोचत नाहीये," मुलगी वैतागून म्हणाली. "डॉक्टरकाकू, नाक खाजतंय. जरा खाजवा ना."