एक वर्षाखालचा रकाना

मोनाली मॅडमनी माझ्या कागदावर पेन टेकवलं आणि विचारलं, "मधुकरराव, एक वर्षाखालच्या मुलांचा खर्च एवढा कसा वाढला?"

सरकारी आरोग्य विम्यात रेशन कार्डावर नाव असलेल्याच मुलांवर फुकट उपचार होत. ती अट काढून जिल्ह्यातली सगळी मुलं घेतली, तर ऑक्टोबर ते मार्च किती खर्च येईल, याचा अंदाज आमच्या ऑफिसकडे मागितला होता. हे काम मी अकरा वर्षं करतो आहे. मंजूर झालेली प्रकरणं मोजायची आणि त्यावरून पुढचा खर्च काढायचा. त्यात तान्ही मुलं नेहमी थोडीच असत. मी समजायचो, ती कमी आजारी पडतात.

माझी बायको प्रेमलता मुलांच्या वॉर्डात नर्स होती. ती जेवताना म्हणायची, "कार्डावर नाव नाही म्हणून वापस जातेत ते लेकरं. तुमच्या कागदात कुठून येतीन?" मी म्हणायचो, कागदावर नाही ते मोजता येत नाही.

ती मागच्या डिसेंबरात गेली. या वेळी मी वॉर्डांची रजिस्टरं मागवली आणि परत गेलेली मुलं मोजली. अंदाज आठ कोटींवर गेला.

मॅडम वाईट बाई नाहीत. वरून चार कोटींची मर्यादा आली होती, ती त्यांनी दाखवली. आठचा कागद गेला तर प्रस्ताव या वर्षापुरता संपला. चारच्या आत असला तर याच आठवड्यात सही होईल आणि एक तारखेपासून अट निघेल. जुन्या पद्धतीनं काढा, तीन वाजता पाठवायचंय, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग पैसे डिसेंबर अखेरीस संपतील आणि दवाखाने मुलं परत पाठवतील.

"तेव्हाचं तेव्हा बघू," त्या म्हणाल्या.

मी जागेवर आलो. अंदाज बदलायचा नाही, असं ठरवलं होतं. सव्वादोनला सुशीलचा फोन आला. माझा मुलगा. त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, हे आम्हाला आठवड्यापूर्वी कळलं होतं.

"बाबा, पंधरा दिवसांच्या वर थांबू नका म्हणून राहिले डॉक्टर. अन् खिडकीवरचा माणूस कार्डावर नाव दाखवा म्हणते."

"मग टाकून घे ना गा नाव."

"कोणतं टाकू? जन्माच्या दाखल्यावर नावच नाही तिचं."

प्रेमलता गेली तेव्हा पोर तीन आठवड्यांची होती. बारशाची तारीख ठरली होती. माझी मोठी बहीण जिजाबाई म्हणाली होती, "घरची बाई गेली अन् तुम्ही पाळणा सजवता काय गा?" वर्ष होईपर्यंत काही करायचं नाही असं ठरलं. उन्हाळ्यात सून वैभवीनं एकदा भीत भीत विचारलं होतं, साधंच नाव ठेवून घेऊ का. मीच म्हटलं होतं, वर्ष होऊ दे.

आता आधी दाखल्यात नाव, मग कार्डात. महिना लागेल, असं सुशीलला खिडकीवर सांगितलं होतं. ऑपरेशनला चार लाख लागणार होते. तो लकडगंजला लाकडाच्या टालावर कामाला आहे. माझं होतं ते प्रेमलताच्या आजारात गेलं.

एक तारीख नऊ दिवसांवर होती.

मी कागद पुन्हा उघडला. वॉर्डांतून मोजलेली मुलं काढून टाकली. दोन हजार एकशे चौदा होती. खर्च तीन कोटी नव्वद लाखांवर आला. मॅडमनी काही विचारलं नाही. मी सही केली.

सहा ऑक्टोबरला नातीचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. दवाखान्याच्या कागदावर तिचं नाव 'सुशीलची मुलगी' असं होतं. बाहेर बाकावर मौद्याची एक बाई मांडीवर पोरगं घेऊन बसली होती. पोराचे ओठ निळसर होते. मी विम्याच्या ऑफिसात आहे, हे तिला वैभवीकडून कळलं होतं.

"काकाजी, कार्डाची कटकट गेली, लय बरं झालं," ती म्हणाली. "आमाले बी तारीख भेटली."

"कधीची?"

"संक्रांतीनंतरची."

मी म्हटलं, दिवाळीच्या आत करून घ्या, डॉक्टरांच्या मागे लागा.

ती हसली. "तारीख का माह्या हातात हाय, काकाजी? नंबरानंच होईन."

तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं, पिशवी पायाशी ठेवली आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"बसा ना," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो.